भर समुद्रांत डायनामो बंद पडतो तेव्हां

बीडहून परळीकडे जाणारा रस्ता वडवणीवरून जातो. उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे या रस्त्यावर रात्रीं-अपरात्रीं ट्रॅक्टर धांवूं लागतात. एकेकाच्या मागें उसानें शीग लागलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. एखाद्या ट्रॅक्टरचे दिवे मंद होऊं लागले, कीं चालक काय तें समजतो. 'डायनामो गेला' एवढेंच तो म्हणतो. मग मोटारींची वीज पाहणाऱ्या एखाद्या मिस्त्रीच्या दारांत ट्रॅक्टर उभा राहतो. मिस्त्री टेस्ट-लॅम्पची तार एके ठिकाणीं टेंकवितो, दुसऱ्या ठिकाणीं टेंकवितो, आणि थोड्याच वेळांत यंत्र खालीं उतरून त्याच्या पुढ्यांत येतें. दुकान बंद असेल, तर मात्र रात्र रस्त्याच्या कडेला काढावी लागते. आणि मागें लाल दिवा नसलेली ट्रॉली अंधारांत उभी असली, म्हणजे काय अनर्थ होतो हें त्या बाजूच्या लोकांना सांगावयास नको.

वडवणीपासून समुद्र तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. तरीहि ज्या यंत्रानें हा ट्रॅक्टर अडविला, त्याच जातीचें व बहुधा त्याच आकाराचें यंत्र दूरच्या प्रवासाला निघालेल्या शिडाच्या नौकेच्या एंजिनावर बसविलेलें असतें. तेथें रस्त्याची कड नाहीं आणि मिस्त्रीचें दुकानहि नाहीं. त्या यंत्राचें काय बिघडलें हें ओळखणें, त्यांतील दुरुस्त होण्याजोगें तें दुरुस्त करणें आणि न होण्याजोगें तें बदलणें, हीं तिन्ही कामें हलत्या नौकेच्या पोटांत, गरम एंजिनापाशीं, गुडघे टेंकून खलाशालाच करावीं लागतात.

शीड वाऱ्यावर चालतें, मग तेथें विजेचें काय काम, अशी शंका येणें साहजिक आहे. शंभर वर्षांपूर्वीं ती रास्तहि ठरली असती. आज रात्रीं नौकेच्या डाव्या अंगास तांबडा, उजव्या अंगास हिरवा आणि मागें पांढरा असे जे दिवे लावावे लागतात, ते विजेवर जळतात. स्थान सांगणारें उपग्रह-यंत्र, बिनतारी संदेशाचें यंत्र, तळाशीं सांचणारें पाणी उपसणारा पंप, या सर्वांना वीज हवी. आणि सर्वांत अधिक भूक असते ती स्वयंचालित सुकाणूंची. नौकेवर एकटाच मनुष्य असला, तर त्याची झोंप या सुकाणूंवरच अवलंबून असते. तें थांबलें, कीं रात्रंदिवस सुकाणूं हातीं धरून बसणें आलें. आणि दिवेहि गेले, तर हजारों टनांच्या मालवाहू जहाजाला वाटेंतील ती लहानशी नौका दिसण्याचा एक मोठा आधार नाहींसा होतो. असें जहाज थांबावयाचें म्हटलें तरी पुष्कळ अंतर पुढें गेल्यावांचून थांबत नाहीं.

हिशेब अगदीं घरगुती आहे. बारा व्होल्टांची, शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी घेतली, तर तिच्यांतील निम्मी वीजच वापरावी, नाहींतर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. सुकाणूंचें यंत्र सरासरी चार अँपिअर प्रवाह घेत असेल, तर ही निम्मी वीज साडेबारा तासांत संपली. जुन्या तारेचा पंचवीस वॅटचा दिवा दोन अँपिअर घेई, नवा एल. ई. डी. दिवा त्याच्या चौथाईहि घेत नाहीं, एवढाच काय तो दिलासा. म्हणजे रोज कांहीं तास एंजिन चालवून बॅटरी भरून घ्यावयाची, हा बहुतेक नौकांवरचा नित्यक्रम होय. आणि ती भरण्याचें काम ज्याचें, त्याला बाजारांत 'डायनामो' म्हणतात.

वस्तुतः आज मोटारीवर, ट्रॅक्टरवर वा नौकेवर असतो तो डायनामो नव्हे, तो आल्टरनेटर. खरा जुना डायनामो एकाच दिशेचा प्रवाह देई. एंजिन मंद चालूं लागलें कीं त्याची वीजहि जवळजवळ आटे. इ. स. १९६० नंतर सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि आल्टरनेटरनें त्याची जागा घेतली. मिस्त्रींच्या तोंडीं मात्र जुनें नांव राहिलें. असो, नांवावरून कांहीं अडत नाहीं.

याची रचना समजून घेण्यास परळीचें उदाहरण जवळचें आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्रांतील अडीचशें मेगावॉटच्या संचांत वाफेच्या जोरावर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनीं फिरणारें जें अजस्र यंत्र आहे, त्याचें आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटखालील यंत्राचें तत्त्व एकच. सत्तर अँपिअरचा साधा आल्टरनेटर फार तर एक किलोवॅट वीज देतो. परळीचा एकेक संच त्याच्या अडीच लाखपट. परंतु दोन्हींकडे एक विद्युच्चुंबक फिरतो आणि त्याच्या भोंवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडेनें इ. स. १८३१ मध्यें दाखवून दिलें तें हेंच.

लहान यंत्रांत बाहेरच्या स्थिर लोखंडी कड्यांत तारेचीं तीन वेटोळीं गुंफलेलीं असतात. आंत फिरणारा जो भाग, त्याच्या आंसाभोंवतीं एकच वेटोळें. आंसावर बसविलेल्या दोन गुळगुळीत कड्यांवर कोळशाचे दोन लहान तुकडे स्प्रिंगनें दाबून धरलेले असतात. त्यांना ब्रश म्हणतात. या ब्रशांतून तीन-चार अँपिअर प्रवाह आंत गेला, कीं फिरता भाग चुंबक बनतो. बाहेरच्या वेटोळ्यांत निर्माण होणारा प्रवाह उलटसुलट असतो आणि बॅटरीला तर एकाच दिशेचा हवा. म्हणून वाटेंत सहा डायोड बसवितात. विहिरीच्या पंपाला पाणी परत जाऊं न देणारी झडप असते, तशीच ही विजेची झडप. राहिला रेग्युलेटर. तो बॅटरीचा दाब पाहून ब्रशांतला प्रवाह कमीअधिक करतो आणि एंजिन मंद चालो वा जलद, दाब चौदा व्होल्टांच्या आसपास राखतो.

या रचनेंत एक गोम आहे आणि बिघाड शोधतांना ती ध्यानांत ठेवावी लागते. हा चुंबक प्रारंभीं बॅटरीच्या उसन्या प्रवाहावर जागा होतो. तो प्रवाह पुष्कळ यंत्रांत समोरच्या फळीवरील लहान तांबड्या दिव्यांतून येतो. चावी फिरवितांच हा दिवा लागला पाहिजे आणि एंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. चावी फिरवूनहि तो लागत नसेल, तर कदाचित् तो दिवाच उडालेला असतो आणि त्यापायीं धडधाकट आल्टरनेटर निजून राहतो. दोष दिव्याचा आणि शिक्षा यंत्राला, असा प्रकार ट्रॅक्टरवर होतो तसाच नौकेवरहि.

एकट्या मनुष्यानें भर समुद्रांत वीज कशी सांभाळली याचा एक दाखला मुंबईशीं निगडित आहे. 'सुहेली' ही बत्तीस फुटांची सागवानी नौका मुंबईंत कुलाब्याला देशी सुतारांनीं बांधली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरील अधिकारी होता. १४ जून १९६८ रोजीं तो इंग्लंडांतील फॅल्मथहून तिच्यांतून निघाला आणि कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं, तीनशें बारा दिवसांनीं, तेथेंच परतला. एकट्यानें, विनाथांबा अशी प्रदक्षिणा त्यापूर्वीं कोणीहि केली नव्हती. त्याच्या नौकेवर बॅटरी भरण्यासाठीं पेट्रोलवर चालणारें एक लहान स्वतंत्र यंत्र होतें. तें बंद पडलें. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोंतील फट ठराविक मापाचीच असावी लागते, एका इंचाच्या हजार भागांपैकीं बारा ते पंधरा; आणि ती मोजण्याचीं पातीं तर नौकेवर नव्हतीं. त्यानें वहीचीं पानें मोजलीं. एक इंच जाडीला दोनशें पानें भरलीं. म्हणजे एक पान इंचाच्या हजार भागांपैकीं पांच भाग जाड. तीन पानें फटींत धरून त्यानें माप जुळविलें आणि यंत्र पुन्हां चालूं लागलें. त्याच प्रवासांत संदेश पाठविण्याचें यंत्र मात्र निकामी झालें. न्यूझीलंडजवळून पुढें गेल्यावर सुमारे साडेचार महिने त्याची कांहींच वार्ता जगाला नव्हती आणि तो बुडाला असावा अशी भीति लोकांना वाटूं लागली होती.

पानें मोजण्याची ही युक्ति सुचण्याचें कारण असें, कीं ती फट कशासाठीं असते हें त्याला ठाऊक होतें. जो केवळ सुटे भाग बदलावयास शिकला, त्याला पातीं हरवल्यावर पुढें मार्ग उरत नाहीं.

तेव्हां आल्टरनेटर 'गेला' असें वाटतांच पाने हातीं घेण्याची घाई करूं नये. आधीं मीटर घ्यावा. एंजिन बंद असतां भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. एंजिन चालूं झाल्यावर तो आंकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. चढला नाहीं, तर पहिला संशय पट्ट्यावर घ्यावा. पट्टा सैल असेल, तर एंजिनाचा वेग वाढवितांच तो किंचाळतो आणि पुलीच्या आसपास काळी भुकटी सांडलेली दिसते. दुसरा संशय तारांच्या टोंकांवर. खाऱ्या हवेनें तांब्यावर हिरवा गंज चढतो. वरून घट्ट दिसणारा सांधा आंतून पोकळ झालेला असतो. तिसरा फ्यूजवर. हे तिन्ही दोष अर्ध्या तासांत निघतात, आणि निरोगी आल्टरनेटर उतरवून त्याच्या जागीं नवा बसविल्यावरहि बॅटरी भरत नाहीं असें पाहून कपाळावर हात मारण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांनीं बहुधा हीच पायरी ओलांडलेली असते.

बाहेरून सर्व ठीक असेल, तर आंत चुंबक जागा होतो कीं नाहीं हें पाहण्याची मिस्त्रींची एक जुनी रीत आहे. एंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि यंत्राच्या मागच्या बेअरिंगच्या टोपणाजवळ पेंचकसाचें पातें न्यावें. तें ओढलें गेलें, तर ब्रशांतून प्रवाह जात आहे. ओढलें गेलें नाहीं, तर ब्रश झिजून आंखूड झाले, खांचेंत अडकले, किंवा रेग्युलेटर गेला, यांपैकीं एक. बहुतेक यंत्रांत ब्रश आणि रेग्युलेटर एकाच लहान तुकड्यांत जोडलेले असतात आणि तो तुकडा दोन-चार स्क्रू काढून बदलतां येतो. तळहातावर मावणारा हा भाग बरोबर नसल्यामुळें पुष्कळांना सबंध यंत्र विकत घ्यावें लागतें.

एखाददुसरा डायोड गेला, तर वीज मिळते पण अपुरी. रेडिओंत एंजिनाच्या वेगाबरोबर चढउतरणारी एक शीळ ऐकूं येते. आणि रात्रभर एंजिन बंद असतांहि बॅटरी सकाळीं रिकामी सांपडते, कारण बिघडलेली झडप प्रवाह मागें सोडते. याच्या उलट, मीटरचा कांटा पंधराच्या पलीकडे गेला, तर रेग्युलेटरनें लगाम सोडला असें समजावें. हा प्रकार वीज न मिळण्यापेक्षांहि वाईट. बॅटरी उकळूं लागते, तिच्यांतून पेट घेणारा वायु निघतो आणि बंद खोलींत तो सांचतो. अशा वेळीं आधीं एंजिन बंद करावें.

येथें एक निषेध स्पष्ट सांगितला पाहिजे. एंजिन चालूं असतां बॅटरीची तार कधींहि काढूं नये. जुन्या डायनामोच्या काळापासून 'तार काढून बघ, एंजिन चालतें का' अशी एक परीक्षा रूढ आहे. आल्टरनेटरला ती घातक ठरते. प्रवाहाची वाट एकाएकीं तुटली, कीं दाब क्षणार्धांत अनेक पटींनीं उसळतो आणि डायोड जळतात. नौकेवर ही चूक न कळत घडते, कारण तेथें दोन बॅटऱ्यांची अदलाबदल करणारी एक मोठी कळ असते आणि ती फिरवितांना हात चुकून 'बंद' या खुणेवर जातो. हल्लीं लिथियमच्या बॅटऱ्या येऊं लागल्या आहेत, त्यांनीं या धोक्यांत भर घातली. अशा बॅटरीचें संरक्षक यंत्र भरणा पुरा होतांच किंवा कांहीं बिघाड होतांच तिला स्वतःहून तोडून टाकतें. शिवाय ती इतका प्रवाह ओढते, कीं मोटारीसाठीं बनविलेला आल्टरनेटर नौकेच्या कोंदट एंजिनखोलींत तासन्तास पूर्ण भारानें राबून अक्षरशः भाजून निघतो. मोटारींत एंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ जोरानें भरणा करावयाचा आणि मग स्वस्थ फिरावयाचें, असें त्याचें मूळचें जीवन.

यंत्र बदलावयाचेंच ठरलें, तर प्रथम बॅटरीच्या तारा सोडाव्या. मगच पाना लावावा, कारण आल्टरनेटरच्या जाड तारेंत एंजिन बंद असतांहि वीज असते. तारा काढण्यापूर्वीं प्रत्येकीला खूण बांधावी. पट्टा, पुलीचा व्यास, फिरण्याची दिशा, पायाची रुंदी हीं जुन्या यंत्राशीं ताडून पहावीं. एंजिनावरची पुली आणि नवी पुली एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें सरळ पट्टी लावून पाहिलें पाहिजे. जरा तिरपी राहिली तर पट्टा दोन दिवसांत कुरतडला जातो. पेट्रोलवर चालणाऱ्या नौकेंत मोटारीचा आल्टरनेटर बसवूं नये. त्याच्या ब्रशांतून ठिणग्या पडतात आणि पेट्रोलची वाफ नौकेच्या तळाशीं सांचून राहते. अशा नौकेसाठीं ठिणगी बाहेर येऊं न देणारी वेगळी बांधणी असते. डिझेलच्या नौकेला ही भीति त्या मानानें कमी.

पुष्कळ एंजिनांत हाच पट्टा पाण्याचा पंपहि फिरवितो, हें विसरूं नये. म्हणजे आल्टरनेटरचें बेअरिंग अडकून पट्टा तुटला, तर वीज तर जातेच, शिवाय एंजिनहि तापून बसण्याच्या वाटेला लागतें. म्हणून दूरदर्शी खलाशी आल्टरनेटर वगळून केवळ पंपाला पुरेल असा एक आंखूड पट्टा आधींच मापून ठेवतो. यंत्रावर समुद्राचें पाणी पडलें असेल, तर तें उतरवून गोड्या पाण्यानें मनसोक्त धुवावें आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावें. विजेच्या वस्तूवर पाणी ओतावयास हात धजत नाहीं खरा, पण आंत राहिलेलें मीठ हवेंतली ओल ओढून घेतें आणि धातु खात राहतें.

कांहींच साधलें नाहीं, तर उरलेली वीज कंजुषाच्या पैशाप्रमाणें खर्चावी. एंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी ठेवावी आणि तिला हात लावूं नये. साधें डिझेल एंजिन एकदां सुरू झालें म्हणजे त्याला विजेची गरज फारशी उरत नाहीं, पण सुरू करण्यास ती लागतेच. शीतपेटी बंद, सुकाणूं हातीं किंवा वाऱ्याच्या पात्यावर, आणि रात्रीं दिवे मात्र चालूं. आज बहुतेक नौकांवर सूर्यकिरणांवर वीज देणारीं पॅनेलें असतात, त्यांचा मोठा आधार होतो. तथापि दक्षिण महासागरांत आठवडे-आठवडे आभाळ उघडत नाहीं.

हिंदी नौदलाची 'म्हादेई' ही छप्पन्न फुटांची नौका गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. इ. स. २००९-१० मध्यें कमांडर दिलीप दोंदे यांनीं तिच्यांतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली; ती करणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन हे चार थांबे त्यांनीं घेतले. थांबा म्हणजे केवळ विश्रांति नव्हे. वाटेंत कुरकुरूं लागलेलें प्रत्येक यंत्र तेथें उघडून पाहतां येतें. तिचीच भगिनी 'तारिणी' इ. स. २०१८ मध्यें सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन परत येत असतां सुकाणूंच्या बिघाडामुळें मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत शिरली, आणि दुरुस्ती करून गोव्यास पोंचली. परंतु इ. स. २०१२-१३ मध्यें अभिलाष टॉमी यांनीं त्याच 'म्हादेई'तून विनाथांबा प्रदक्षिणा केली, तेव्हां १ नोव्हेंबरला मुंबई सोडल्यापासून ३१ मार्चला परत येईपर्यंत बंदरांतील कारागिराची मदत घेण्याची मुभाच नव्हती. असा प्रवास करणाऱ्यानें जातांना बरोबर काय न्यावें, हें वडवणीच्या रस्त्यावरचा कोणताहि मिस्त्री बसल्या जागीं सांगेल: दोन पट्टे, ब्रशांसह एक रेग्युलेटर, बेअरिंगांची एक जोडी, डायोडांची एक पट्टी, मीटर, टेस्ट-लॅम्प, आणि जागा असेल तर सबंध दुसरा आल्टरनेटर, मेणकापडांत गुंडाळून, एंजिनापासून दूर कोरड्या जागीं.

यंत्र बसवून झालें, दिवा विझला आणि मीटरवर चौदा व्होल्ट दिसले, तरी पाना लगेच पेटींत टाकूं नये. पट्ट्याच्या मधोमध अंगठ्यानें दाबलें असतां तो सुमारे एक सेंटिमीटर खालीं जावा. नवा पट्टा पहिल्या कांहीं तासांतच ताणला जाऊन सैल पडतो. म्हणून दोन-चार तास एंजिन चालल्यावर, तें बंद करून, आणखी एकदां अंगठा दाबून पहावा आणि जरूर तर बोल्ट पुन्हां आंवळावा.